दुकानांसाठी, घरांसाठी केलेले जपानी परिसर-संगीत चाळीस वर्षांनी पुन्हा का ऐकले जाते आहे?

अनाहत

१९८७ साली जपानमधील सान्यो कंपनीच्या एसीच्या प्रचारासाठी एक ध्वनिमुद्रिका तयार झाली होती. ती ताकाशी कोकुबो यांची ‘गेट ॲट द वेव्ह’. त्याच्या आदल्या वर्षी मिसावा होम्स या घरे बांधणाऱ्या कंपनीने हिरोशी योशिमुरा यांच्याकडून ‘सराउंड’ करून घेतली होती, तर १९८४ मध्ये शिसेदो या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीसाठी त्यांनीच ‘एअर इन रिझॉर्ट’ केली होती. हारुओमी होसोनो यांनी मुजी या साध्या, बिननावाच्या वस्तू विकणाऱ्या कंपनीच्या दुकानांत वाजवण्यासाठी केलेले संगीतही १९८४ मध्येच कॅसेटवर आले. यांतील बहुतेक मुद्रिकांच्या प्रती थोड्याच निघाल्या, त्यांची परीक्षणे फारशी कोणी लिहिली नाहीत आणि जपानबाहेर त्या जवळपास पोहोचल्याच नाहीत. आज त्याच मुद्रिका नव्याने काढल्या जातात, मूळ प्रतींना संग्राहक चढ्या किमती मोजतात आणि त्या निघाल्या तेव्हा जन्मालाही न आलेले श्रोते त्या रात्रंदिवस ऐकतात. असे का झाले असावे, यावर येथे सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

आधी थोडी पूर्वपीठिका. एरिक साती या फ्रेंच संगीतकाराने १९१७ मध्ये ‘फर्निचर संगीता’ची कल्पना मांडली: खोलीत खुर्ची असते तसे संगीत असावे, त्याकडे कोणी टक लावून पाहू नये. १९२० साली पॅरिसमध्ये त्याचा प्रयोग झाला, तेव्हा लोक सवयीने गप्प बसून ऐकू लागले आणि खुद्द साती त्यांना बोलत राहण्यासाठी विनवत होता, असे सांगतात. पुढे इंग्रज संगीतकार ब्रायन ईनो यांनी १९७८ मध्ये विमानतळासाठी संगीत रचून अशा परिसरात मिसळणाऱ्या संगीतासाठी ‘अँबियंट’ हा शब्द रूढ केला. सत्तरच्या दशकात टोकियोत सातीच्या संगीताची मोठी लाट आली होती. त्यामुळे ईनो यांच्या मुद्रिका तेथे पोहोचल्या तेव्हा जमीन तयार होती. इकेबुकुरो येथील सेइबू डिपार्टमेंट स्टोअरमध्ये १९७५ पासून कलासंग्रहालय होते आणि त्याला जोडून ‘आर्ट व्हिव्हाँ’ हे पुस्तकांचे व मुद्रिकांचे दुकान. तेथे काम करणाऱ्या सातोशी आशिकावा यांनी पुढे ‘साउंड प्रोसेस’ हे मुद्रिका काढणारे स्वतःचे छोटे लेबल सुरू केले आणि ‘वेव्ह नोटेशन’ ही मालिका सुरू केली. मालिकेतील पहिली मुद्रिका योशिमुरांची ‘म्युझिक फॉर नाइन पोस्ट कार्ड्‌स’ (१९८२), दुसरी आशिकावांची स्वतःची ‘स्टिल वे’ (१९८२) आणि तिसरी सात्सुकी शिबानो यांनी पियानोवर वाजवलेली सातीची (१९८४). ही तिसरी निघण्याआधीच, १९८३ मध्ये, आशिकावा अपघातात गेले. वय अवघे तीस.

योशिमुरांच्या त्या पहिल्या मुद्रिकेची हकीकत या संपूर्ण प्रवाहाचे मर्म सांगणारी आहे. टोकियोच्या शिनागावा भागात १९३८ साली बांधलेल्या एका खासगी निवासस्थानात १९७९ मध्ये हारा समकालीन कलासंग्रहालय सुरू झाले होते. तेथील खिडक्या आणि बाहेरची झाडे पाहून योशिमुरांना वाटले की आपण घरी फेंडर ऱ्होड्‌स या विद्युत पियानोवर जे वाजवून ठेवले आहे, ते या जागेत शोभेल. संग्रहालयाने ते वाजवले, भेट देणारे लोक ‘हे कुठे मिळेल?’ असे विचारू लागले आणि त्यातून मुद्रिका झाली. म्हणजे संगीताला आधी जागा मिळाली, श्रोता नंतर मिळाला.

माझे म्हणणे असे आहे की या संगीताचा टिकाऊपणा त्याच्या या ‘नोकरी’तूनच आला. मैफलीसाठी किंवा मुद्रिकेसाठी रचणाऱ्याला श्रोत्याचे लक्ष ओढून घ्यावे लागते. घरासाठी किंवा संग्रहालयासाठी रचणाऱ्यावर उलट अट पडते: लक्ष मागायचे नाही, पण तेथे दिवसभर बसणाऱ्या रखवालदारालाही वीट येता कामा नये. ही दुहेरी अट फार कठीण आहे. जी रचना ती पाळते, तिच्यात काळाची फॅशन शिरायला जागाच उरत नाही. आपली मते वाचायला आवडतील.

औदुंबर

लेख माहितीपूर्ण आहे, परंतु निष्कर्षाशी मी सहमत नाही. कंपन्यांनी पैसे देऊन करून घेतलेले, ग्राहकाला सैलावून खरेदीस अनुकूल करणारे संगीत हे शेवटी लिफ्टमधल्या संगीताचेच सुशिक्षित भावंड नव्हे काय? एसीबरोबरची मुद्रिका ही जाहिरात आहे आणि चाळीस वर्षांचे अंतर पडल्यामुळे तिची जाहिरात-बाजू आपल्या डोळ्यांआड झाली आहे, एवढेच. जुन्या काळच्या आगपेटीवरची चित्रे आज आपण चौकटीत लावतो, म्हणून ती काढणारा चित्रकार मोठा ठरत नाही.

टोकियोकर

औदुंबर यांचा प्रश्न रास्त आहे, मात्र ज्या कंपन्यांविषयी आपण बोलत आहोत त्यांचे स्वरूप समजून घेतल्याशिवाय त्याचे उत्तर देता येणार नाही. मी येथे बरीच वर्षे राहतो, त्यामुळे यांतील काही जागा रोजच्या येण्याजाण्यातल्या आहेत.

वर उल्लेख झालेले सेइबू आणि मुजी ही दोन्ही नावे एकाच उद्योगसमूहातली. त्या समूहाचे प्रमुख सेइजी त्सुत्सुमी हे स्वतः कवी आणि कादंबरीकार होते व टोपणनावाने लिहीत असत. डिपार्टमेंट स्टोअरच्या मजल्यावर कलासंग्रहालय काढावे आणि शेजारी आधुनिक संगीताच्या आयात मुद्रिका विकाव्यात, हे अशाच माणसाला सुचू शकते. मुजीची सुरुवात १९८० मध्ये झाली आणि तिचे पहिले स्वतंत्र दुकान १९८३ मध्ये आओयामा येथे उघडले. नाव नसलेला, भडकपणा टाळणारा माल विकणाऱ्या दुकानात गाजलेली गाणी वाजवणे विसंगत झाले असते. होसोनो त्या वेळी यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा या बँडमुळे घराघरांत माहीत असलेले संगीतकार होते. त्यांनी दिले ते मात्र जवळजवळ काहीच न घडणारे संगीत. कितीतरी वर्षांनी, २०१९ मध्ये, व्हँपायर वीकेंड या अमेरिकन बँडने त्यातला तुकडा आपल्या एका गाण्यात वापरला आणि अनेक तरुणांना होसोनो तेथून कळले.

त्याच आओयामा भागात १९८५ साली वाकोल या अंतर्वस्त्रांच्या कंपनीने ‘स्पायरल’ ही इमारत उभी केली. वास्तुरचनाकार फुमिहिको माकी. आत कलादालन, उपाहारगृह आणि मागे वळत वर जाणारा रुंद उतार. या इमारतीसाठी योशिओ ओजिमा यांनी केलेले संगीत १९८८ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाले. तो काळ जपानच्या तेजीचा होता. जमिनींचे भाव गगनाला भिडले होते आणि कंपन्यांकडे संस्कृतीवर उधळायला पैसा होता. नव्वदच्या दशकाच्या आरंभी तो फुगा फुटला, तेव्हा अशा कामांना पैसा देणारे हातही आखडले. हे संगीत विस्मरणात जाण्यामागे अभिरुचीच्या बदलापेक्षा हे आर्थिक कारण मोठे असावे, असे मला वाटते.

आणखी एक बाजू येथे राहणाऱ्यालाच जाणवते. टोकियो हे अतिशय बोलके शहर आहे. सरकते जिने सूचना देतात, दुकाने जाहिराती ऐकवतात, ट्रक वळताना बोलतात. कॅनडाचे संगीतकार मरी शेफर यांचे ‘साउंडस्केप’विषयीचे (म्हणजे एखाद्या परिसरातल्या एकूण आवाजांविषयीचे) मूळ पुस्तक १९७७ चे, ते १९८६ मध्ये जपानी भाषेत आले आणि शहराच्या आवाजाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न येथे गांभीर्याने चर्चिला जाऊ लागला. १९८९ मध्ये शिंजुकू आणि शिबुया स्थानकांवर गाडी सुटताना वाजणाऱ्या कर्कश घंटेच्या जागी छोट्या सुरावटी आल्या. १९९१ मध्ये नाम्बोकू ही भुयारी मार्गिका सुरू झाली, तेव्हा तिच्या फलाटांवरील ध्वनिसंकेत योशिमुरांनी केले होते. ज्या कोकुबोंची एसीची मुद्रिका वर आली आहे, त्यांनीच मोबाइलवर वाजणारा भूकंपाच्या पूर्वसूचनेचा आवाज रचला आहे. तो मी प्रत्यक्ष ऐकला आहे आणि त्याने माणूस सैलावत नाही, हे खात्रीने सांगू शकतो! म्हणून या लोकांना ‘शांत संगीताचे रचनाकार’ म्हणण्यापेक्षा आवाजाचे नियोजन करणारे लोक म्हणावे, हे मला अधिक योग्य वाटते.

चंद्रकौंस

उत्तम प्रतिसाद. या प्रवाहाचा एक पदर आपल्याकडेही येतो, तो नोंदवतो. ज्या अमेरिकन मिनिमलिस्ट (मोजकेच स्वर पुनःपुन्हा फिरवणाऱ्या) संगीताचा जपानी संगीतकारांवर प्रभाव पडला, त्यातील ला माँट यंग आणि टेरी रायली हे दोघे १९७० पासून पंडित प्राणनाथ यांचे शिष्य होते. प्राणनाथ हे उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य, म्हणजे किराणा घराण्याचे. त्याच घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले आणि मिरजेचे तंबोरे आजही जगभर जातात. तंबोऱ्याच्या अखंड नादात बसून एकेका स्वराला न्याहाळण्याची, घाई न करता त्याच्याभोवती बराच काळ रेंगाळण्याची किराण्याची वृत्ती या सगळ्याच्या मुळाशी आहे, असे म्हणता येईल काय?

जाता जाता: टोकियोत १९६९ साली स्थापन झालेला ताकेहिसा कोसुगी यांचा ‘ताज महाल ट्रॅव्हलर्स’ हा गट तर युरोपातून गाडीने खरोखरच भारतापर्यंत आला होता. होसोनो यांनीही चित्रकार तादानोरी योकू यांच्याबरोबर भारताची सफर केल्यावर १९७८ मध्ये ‘कोचीन मून’ केली. मात्र ती शांत वगैरे अजिबात नाही.

अनाहत

चंद्रकौंस, प्राणनाथांचा दुवा खरा आहे आणि तो येथे नोंदवला गेला याचा आनंद आहे; मात्र त्यावर फार भार टाकू नये असे वाटते. रायली यांची ‘इन सी’ ही पायाभूत रचना १९६४ ची, म्हणजे प्राणनाथांची शागिर्दी पत्करण्याच्या सहा वर्षे आधीची. शिवाय किराण्यात स्वराभोवती रेंगाळणे हे रागाच्या उलगड्यासाठी असते, त्यात चढत जाणारी एक दिशा असते. योशिमुरांच्या रचनेला अशी दिशा नाही. पोस्टकार्डासारखे एक छोटे वाक्य येते, थोडे बदलून पुन्हा येते, मध्ये पुरेशी शांतता जाते आणि रचना कोठेही न पोहोचता थांबते. तंबोऱ्याचा अखंड नाद येथे नाही. उलट प्रत्येक स्वर विरू दिला जातो.

मिदोरी ताकादा यांच्या बाबतीत मात्र आशियाई व आफ्रिकी संगीताचा अभ्यास थेट दिसतो. त्या पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेल्या तालवादक, पण तेवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही आणि त्या आफ्रिकी झायलोफोन, गॅमलान हा इंडोनेशियाचा वाद्यवृंद यांकडे वळल्या. १९८१ मध्ये त्यांच्या ‘म्क्वाजु’ या गटाची मुद्रिका निघाली, तिचे निर्माते जो हिसाइशी होते. पुढे घिब्ली स्टुडिओच्या ॲनिमेशन चित्रपटांमुळे जगाला माहीत झाले ते हेच हिसाइशी. ‘थ्रू द लुकिंग ग्लास’ (१९८३) ही ताकादांची एकल मुद्रिका दोन दिवसांत ध्वनिमुद्रित झाली. मारिंबा, गाँग, पायपेटीच्या जातीचा रीड ऑर्गन, ओकारिना, एवढेच काय कोका-कोलाची बाटलीसुद्धा, सर्व त्यांनी एकटीने वाजवून थरावर थर चढवले आहेत.

ही मुद्रिका सगळ्यांत जास्त गाजली आणि गंमत अशी की ती कोणत्याही दुकानासाठी केलेली नव्हती. एका चाहत्याने ती यूट्यूबवर चढवली, यूट्यूबच्या शिफारस-यंत्रणेने ती उचलली आणि लाखो लोकांपर्यंत ती न मागता पोहोचली. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या आणि स्वित्झर्लंडच्या दोन छोट्या लेबलांनी मिळून ती रीतसर पुन्हा प्रसिद्ध केली. शेवटच्या रचनेत ढोलांचा वेग आणि दाटी इतकी वाढत जाते की पार्श्वभूमीला ठेवून काम करणारा माणूस दचकून मान वर करतो. औदुंबर, तुमच्या लिफ्टच्या संगीतात हे बसणार नाही.

विंगेतला

मी ध्वनिसंयोजनाचे काम करतो, त्यामुळे वाद्यांच्या बाजूने थोडे लिहितो, कारण त्या काळच्या विशिष्ट यंत्रांचा या संगीताच्या पोताशी मोठा संबंध आहे.

फेंडर ऱ्होड्‌समध्ये हातोडी धातूच्या बारीक काडीवर पडते आणि तिचे कंपन विद्युत पिकअप उचलतो. त्यामुळे आघात मऊ येतो आणि स्वर घंटेसारखा, पण गोलसर कडांनी विरतो. यामाहाने १९८३ मध्ये डीएक्स-७ हा सिंथेसायझर आणला. त्यामागची एफएम (फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशन) पद्धत स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांची: एका लहरीने दुसऱ्या लहरीची वारंवारता हलवायची, म्हणजे मोजक्या गणितातून अनेक उपस्वर निर्माण होतात. हे उपस्वर मूळ स्वराच्या पूर्ण पटीत नसतील तर कानाला काच, घंटा, धातूची पट्टी यांचा भास होतो. व्हायोलिनसारखा खेचत राहणारा आवाज या यंत्राला फारसा जमत नसे, पण चटकन उमटून सावकाश विरणारा आवाज ते अप्रतिम देई. योशिमुरांची ‘ग्रीन’ (१९८६) ही यामाहाच्या एफएम वाद्यांवर घरच्या स्टुडिओत केलेली आहे. त्याच वाद्यांवर त्या दशकातील भडक पॉप गाणी झाली. योशिमुरांनी फक्त स्वरांमधले अंतर वाढवले आणि आवाजाला विरायला वेळ दिला.

‘ग्रीन’विषयी एक गैरसमज आढळतो. तिच्या अमेरिकन आवृत्तीत पाण्याचे व पक्ष्यांचे वगैरे नैसर्गिक आवाज मिसळले होते, त्यामुळे अनेकांना वाटते की तेच तिचे वैशिष्ट्य. योशिमुरांची मूळ आवृत्ती त्यांविना आहे आणि २०२० च्या पुनर्प्रकाशनात तीच घेतली आहे. दोन्ही ऐकून पाहावे. माझ्या कानांना ते मिसळलेले आवाज सरळसरळ अडथळा वाटतात.

मोगरा

चर्चेचा एक कोपरा अजून रिकामा आहे. या संगीताचा पुनर्शोध प्रामुख्याने जपानबाहेर झाला. पोर्टलँडचे स्पेन्सर डोरन यांनी २०१० च्या सुमारास या मुद्रिकांतील रचना एकापुढे एक जोडून केलेली मिश्रणे, मग त्यांनी सहकाऱ्याबरोबर काढलेल्या लेबलावर २०१७ मध्ये आलेली ‘नाइन पोस्ट कार्ड्‌स’, आणि २०१९ मध्ये लाइट इन द ॲटिक या अमेरिकन लेबलासाठी त्यांनी निवडलेला ‘कांक्यो ओंगाकू’ (म्हणजे परिसर-संगीत) हा संग्रह, ज्याला ऐतिहासिक मुद्रिकांच्या गटात ग्रॅमीचे नामांकन मिळाले, हे सर्व पाश्चात्त्य संग्राहकांचे काम आहे. त्यांचे कष्ट मोठे आहेत, संग्रहाच्या टिपाही अभ्यासू आहेत. परंतु त्याभोवती जमलेल्या श्रोत्यांच्या लिखाणात ‘झेन’, ‘पौर्वात्य शांतता’ हे शब्द उठल्यासुटल्या येतात. साती फ्रेंच, ईनो इंग्रज, ऱ्होड्‌स अमेरिकन, आणि पैसा तेजीतल्या शेअरबाजाराचा. यात मठ आणि वाळूची बाग कोठून आली? आपल्या संगीताला सरसकट ‘अध्यात्म’ म्हटले की आपण चिडतो, मग येथेही तेवढीच सावधगिरी बाळगावी.

दुसरे असे की ‘अभ्यासासाठी’, ‘झोपेसाठी’ अशा प्लेलिस्टींमध्ये हे संगीत आता कापून घातले जाते. एका विशिष्ट खिडकीसाठी रचलेले संगीत कोणत्याही हेडफोनमध्ये ओतले गेले की धागाकर्त्यांची ती ‘जागेची अट’ उरते कोठे?

अनाहत

पहिल्या मुद्द्याशी पूर्ण सहमत. दुसऱ्या मुद्द्यावर मला वाटते की जागा बदलली तरी अट रचनेत मुरलेली राहते. हारा संग्रहालय २०२१ च्या जानेवारीत कायमचे बंद झाले. ती खिडकी आता कोणालाच मिळणार नाही. तरीही त्या रचनेतील मोकळ्या जागा तशाच आहेत आणि त्यांत ज्याच्या त्याच्या घरचे आवाज येऊन बसतात. माझ्याकडे त्यांत शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या असतात. रचनेचे त्यामुळे बिघडत नाही, कारण बाहेरचा आवाज आत येणार हे तिने आधीच धरलेले आहे. प्लेलिस्टसाठी हल्ली घाऊक तयार होणारे संगीत याच कसोटीवर उघडे पडते: त्याला बाहेरचा आवाज बंद करायचा असतो, म्हणून ते सलग भरून वाहते.

औदुंबर

ही कसोटी मला पटली. तिने निदान मोजता येईल असा फरक दाखवला. मूळ आक्षेप मात्र मी मागे घेत नाही. त्सुत्सुमी कवी होते म्हणून त्यांचे दुकान दुकान नव्हते, असे होत नाही. चांगले संगीत दुकानासाठीही होऊ शकते, इथपर्यंत मी येतो. दुकानामुळे ते चांगले झाले, हे अजून सिद्ध व्हायचे आहे.

टोकियोकर

औदुंबर, याच्या उलट बाजूचे एक उदाहरण देतो. न्यूयॉर्कमध्ये ‘काजित्सु’ हे जपानी शाकाहारी उपाहारगृह होते. संगीतकार र्‍युइची साकामोतो तेथे नेहमी जात, जेवण त्यांना अतिशय आवडे आणि तेथे वाजणारे संगीत सहन होत नसे. शेवटी त्यांनी मुख्य आचाऱ्याला तसे लिहून कळवले आणि मोबदला न घेता संगीताची निवड स्वतः करून दिली. ही गोष्ट २०१८ मध्ये वर्तमानपत्रात आली होती. त्या निवडीत त्यांनी स्वतःच्या रचना घेतल्या नाहीत. ऑस्कर मिळवलेल्या संगीतकाराला जेवणघराच्या भिंतींचा रंग आणि थाळीतले पदार्थ पाहून तिथे काय वाजावे याचा विचार करावासा वाटला, यावरून या मंडळींच्या लेखी ते काम किती वरच्या दर्जाचे होते, हे दिसते.

रेवा

चर्चा मन लावून वाचली. यांतील काहीच ऐकलेले नाही. सुरुवात कोठून करावी?

अनाहत

रेवा, सुरुवात संग्रहापासून करू नका. त्यात इतके वेगवेगळे लोक आहेत की सगळे एकसारखे वाटू लागते. आधी ‘म्युझिक फॉर नाइन पोस्ट कार्ड्‌स’ घ्या आणि शक्य असेल तर स्पीकरवर, बोलण्याच्या आवाजापेक्षा किंचित खाली ठेवून, घरातली कामे चालू असतानाच लावा. ती रुचली तर ‘स्टिल वे’. तिच्यात हार्प, पियानो, बासरी यांच्याबरोबर व्हायब्राफोनही आहे आणि तो वाजवणाऱ्यांत ताकादा आहेत. ती अधिक कोरडी आणि कडक शिस्तीची आहे, म्हणून दुसरी. त्यानंतर ‘ग्रीन’ आणि ‘सराउंड’. ‘सराउंड’ २०२३ मध्ये पुन्हा प्रसिद्ध झाल्यामुळे आता सहज मिळते. ‘थ्रू द लुकिंग ग्लास’ मात्र कामाच्या वेळी लावू नका, तिच्यासाठी वेळ काढून बसा. थोडा खट्याळपणा हवा असेल तर होसोनो यांनी निर्मिलेली इनोयामालँड या जोडीची ‘दानजिंदान-पोजिदोन’ (१९८३) आहे. तिच्यात खेळण्यांच्या दुकानात शिरल्यासारखे सूर आहेत आणि या सगळ्या मंडळींमध्ये हसरे असे तेच दोघे वाटतात. एसीची ती मुद्रिका सगळ्यांत शेवटी ऐका, आणि औदुंबर यांच्या बाजूने की माझ्या, ते येथे येऊन लिहा.